सव्वादोन वर्षांचा अनुभव

कामाला आता सीमा उरलेल्या नाहीत. माणूस कुठेही जन्मला तरी त्याचे श्रम साऱ्या जगाचे असतात.

आमच्या महाविद्यालयाच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक या दोन वाक्यांनी सुरू होतं. अभ्यासक्रमाचं नाव 'जागतिकीकरण, काम आणि रोजगार'. वाक्यं माझीच आहेत. ती लिहिली तेव्हा मी कृष्णाकाठच्या आमच्या गावातून बीड जिल्ह्यात एसटीने कधी गेले नव्हते. जाऊन आल्यावर एवढं सांगू शकते की कामाचं माहीत नाही, पण गाडीला सीमा असते आणि ती सोलापूरच्या स्टँडवर येते. तिथून पुढे नवी गाडी, नवा कंडक्टर आणि नवी वाट पाहणं.

जायचं कारण होतं एक अर्ज. या अभ्यासक्रमात तीन जागा कामाचा अनुभव असलेल्यांसाठी राखीव आहेत. किमान दोन वर्षं, लेखी पुराव्यासह. ही कल्पनाही माझी. कामाबद्दल शिकवणाऱ्या वर्गात काम केलेलं एखादं माणूस असावं, असं मी एका बैठकीत म्हटलं आणि चहा यायच्या आत ठराव मंजूर झाला. दोन जागा लगेच भरल्या. एक बँकेतले अधिकारी, एक विमा कंपनीतले गृहस्थ. दोघांचे दाखले छापील लेटरहेडवर, गोल शिक्क्याचे. तिसरा अर्ज आला तो शिरूर कासार तालुक्यातल्या मंगल नावाच्या बाईचा. वय बत्तीस, बाहेरून बी.ए., दुसरा वर्ग. व्यवसाय ऊसतोड. अनुभवाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'सव्वादोन वर्षे'. पुराव्याच्या रकान्यात, 'या आणि बघा.'

छाननी समितीला दोन्ही उत्तरं आवडली नाहीत. अर्ज फेटाळायचं ठरत होतं, तेवढ्यात कुणीतरी नियमावली चाळून सांगितलं की 'प्रत्यक्ष पडताळणी'ची तरतूद आहे. ती कुणी घातली होती हे सांगायला नको. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. जागा मिळाली तर मंगलला दोन वर्षं वसतिगृह आणि विद्यावेतन मिळणार होतं. नाही मिळाली तर दसऱ्यानंतर ती दहाव्यांदा ऊस तोडायला निघणार होती. मी गुरुवारी पहाटे निघाले.

मांजरसुंबा, गुरुवार

हायवेच्या फाट्यावर उतरले तेव्हा पाटोद्याची गाडी नुकतीच गेली होती. मी आजवर जिथे जिथे उतरले तिथली गाडी नुकतीच गेलेली असते, त्यामुळे वाईट वाटलं नाही. चारी बाजूंना ढाबे आणि ट्रक. एका हातगाडीवर सीताफळं रचलेली. गाडीमागे शकूरभाई, मेंदी लावलेली दाढी आणि हातात फळं पुसायचं फडकं. त्यांनी मला स्टूल दिलं आणि एक सीताफळ फोडून हातावर ठेवलं.

"पुढची गाडी तीनला. आली तर," ते म्हणाले. "काय करता बाई तुमी?"

"कॉलेजात शिकवते."

"काय शिकवता?"

मी सांगितलं. त्यांनी नाव दोनदा म्हणवून घेतलं.

"जागतिकीकरण म्हंजे, आता बघा. हे फळ हितून पुण्याला जातंय. तिथं त्याचं आइस्क्रीम हुतंय. आन ते डब्यात बसून परत ह्याच ढाब्यावर येतंय, आमालाच इकायला. ते का?"

"तेच."

"मंग दोन वर्षं काय शिकवता?"

मी बिया थुंकण्यात वेळ काढला. वीस वर्षं या विषयावर बोलते आहे, पण इतक्या कमी वेळात तो कुणी संपवला नव्हता. गाडी साडेचारला आली.

पाटोदा, त्याच संध्याकाळी

भाद्रपद संपत आला की बालाघाटचे माळ हिरवे असतात. या हिरवेपणावर इथे कुणाचा विश्वास नाही. आमच्याकडे कालव्याच्या कृपेने ऊस घराच्या ओसरीपर्यंत येतो आणि बारमाही हिरव्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. इथे गाडीतली माणसं खिडकीतून सोयाबीन निरखून बघत होती, दवाखान्यात पेशंटला बघावं तशी. आभाळ खाली आलेलं होतं, पण पडत काहीच नव्हतं.

मंगल स्टँडवर थांबली होती. उंच, काटक, प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेतलेली. नमस्कार वगैरे न करता तिने आधी माझी बॅग घेतली.

"तुमचं कालिज मी बघितलंय, म्याडम."

"कधी आला होतात?"

"आले न्हाई. पाठीमागून बघितलंय. तिकडं आमचा फड होता तीन सीझन. दुपारची घंटा ऐकू यायची. घंटा झाली की आमी भाकरी सोडायचो."

कॉलेजची मागची बाजू मी कधी पाहिलेली नाही. तिथे सायकल स्टँड आहे असं ऐकून आहे.

चहा पिताना मी सव्वादोनचा हिशोब विचारला. तिने तो फळ्यावर मांडावा तसा मांडला. नऊ हंगाम. हंगाम सहा महिन्यांचा, म्हणजे साडेचार वर्षं. पण ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. "मी अर्धी. म्हणून साडेचाराचं निम्मं केलं."

"तुम्ही काम अर्धं करता का?"

"हे तोडतेत. मी पाला काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. घरला येऊन सैपाक करते." तिने बशी खाली ठेवली. "पण कागदावर जास्त नको सांगायला. सव्वादोन म्हणलं तरी तुमच्या दोनात बसतंय."

इतक्या कंजुषपणे स्वतःचं मोजमाप केलेला अर्ज मी पाहिला नव्हता. बँकेतल्या साहेबांनी उन्हाळी प्रशिक्षणाचे दहा दिवससुद्धा धरले होते.

अर्जाच्या झेरॉक्ससाठी आम्ही तहसीलसमोरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमचं बोलणं ऐकून मदतीचा हात पुढे केला. "अनुभवाचा दाखला पायजे ना? कोणत्या कंपनीचा काढू? पुण्याचा हाय, संभाजीनगरचा हाय. लेटरहेडसकट. दहा मिनटं बसा."

मी मंगलकडे बघितलं नाही, कारण मलाच ती सूचना ऐकावीशी वाटत होती. मंगल म्हणाली, "खोटा कशाला, दादा? खरा लई हाय माज्याकडं."

"खऱ्याला कोण इचारतंय, ताई," दुकानदार म्हणाला आणि झेरॉक्सच्या कागदांना टाचणी मारून दिली. माझ्या या प्रवासात मिळालेला हा एकमेव तज्ज्ञ सल्ला होता. तो आम्ही घेतला नाही.

वस्ती, शुक्रवार

मंगलची वस्ती शिरूर कासारपासून अर्ध्या तासावर, माळाच्या उतारावर. चाळीस-पन्नास घरं. निघायला अजून तीन आठवडे होते, पण गाव आधीच उठल्यासारखं दिसत होतं. अंगणात ताडपत्र्या उलगडून भोकं तपासली जात होती. एक बाई पत्र्याच्या पेटीत भांडी रचून काढत होती, पुन्हा रचत होती. मंगलची आठ वर्षांची मुलगी आजीपाशी राहून शाळेत जाते. तिने मला घर दाखवलं, मोरीसकट, आणि कुलूप कुठे ठेवतात तेही.

त्या दिवशी मंगलच्या सासऱ्यांचं पित्र होतं. कढी, वडे, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, गव्हाची खीर. आमच्याकडे पित्राच्या जेवणाला नेमकी माणसं असतात आणि सगळे हळू आवाजात वाढतात. इथे शेजारच्या चार घरची माणसं बसली होती आणि आवाज चांगलाच मोठा होता. खीर गुळाची होती. साखर का नाही, असं मी विचारणार होते, पण ऐनवेळी आणखी एक वडा मागितला.

मंगलचा नवरा बाळासाहेब माझ्या समोर बसला होता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. बायको शिकायला निघाली म्हणून त्याची टिंगल चालू होती.

"बाळ्या, ही गेली की तू अर्धा कोयता बे," शेजारी म्हणाला.

"हां. अर्धा."

"मंग दुसरा अर्धा कुठनं आणतू?"

"तू ये की. मोळी उचलतू का माझी?"

सगळे हसले. हसणं थांबल्यावर बाळासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्याडम, हिचं कंबरडं राहिलं न्हाई आता. दोन साल बसून काढले तर बरं हुईल. तुमच्याकडं बसायचंच काम असतंय ना?"

मी म्हटलं, हो, बसायचंच असतं. आमच्या अभ्यासक्रमाचं इतकं नेमकं समर्थन समितीतही कुणी केलेलं नव्हतं.

मुक्काम तिथेच केला. वस्तीवर दुसरी सोय नव्हती.

शिरूर कासार, शनिवार

पुरावा होता मुकादमाकडे. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी मजूर जमवून नेणारा माणूस. हे साखळीचं प्रकरण मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर डावीकडे मजूर, उजवीकडे जगाची बाजारपेठ, मध्ये बाण. मजूर मुकादमाचा, मुकादम वाहतूक ठेकेदाराचा, ठेकेदार कारखान्याचा, आणि कुठल्याही टप्प्यावर विचारलं तर मालक पुढच्या बाणावर राहतो. फळ्यावर हे फार स्वच्छ दिसतं.

या मुकादमाला सगळे तात्या म्हणत. शिरूरमधल्या त्यांच्या घरापुढे ट्रॅक्टर होता आणि ओट्यावर चकचकीत फरशी. तात्या स्वतः सोळा वर्षं ऊस तोडलेला माणूस, हातावर खुणा अजून होत्या. त्यांनी आम्हाला चहा दिला, मंगलला मुलीचं विचारलं. मग मी दाखल्याचं बोलले.

"देतो की. कावून न्हाई? पोरगी शिकती, आनंद हाय." त्यांनी कपाटातून लांब वही काढली आणि बोट फिरवत वाचलं. "बाळासायब. एक कोयता. नऊ सीझन. हे बघा."

"यात मंगलचं नाव कुठे आहे?"

"त्यातच हाय. कोयता म्हंजे दोघं."

"पण लिहिलेलं नाही."

"म्याडम, बैल लिवला की शिंगं येगळी लिवतेत का?"

"तात्या," मंगल म्हणाली, "मी शिंग हाय व्हय?"

"तसं न्हाई गं बाई. रीत सांगतो."

मी दाखल्यात तिचं नाव घालायला सांगितलं. तात्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज तसाच गोड होता. "तिचं नाव घातलं आन खाली माझी सही आली, की मी मालक झालो. उद्या कुणी म्हणंल हिचा फंड कुठं हाय, इमा कुठं हाय. मी मालक न्हाई. मी बी मजूरच, पुढं चालणारा. आन दुसरं, सध्या पित्रं चालू हायेत. ह्या पंधरवड्यात आमी नवं काई लिवत न्हाई. जुनं हाय ते लिवून देतो. तिचं नाव म्हंजे नवं झालं."

नऊ वर्षं तिने डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, आणि तिचं नाव मुहूर्ताअभावी नवं ठरलं होतं. पंधरवडा सोमवारनंतर संपत होता.

मंगल फरशीवरून पुढे सरकली. मग म्हणाली, "तात्या, मागलं पान काढा."

"कोणतं?"

"खाड्याचं."

खाडा म्हणजे गैरहजेरी. जोडीतलं एक जण बसलं तर त्या दिवसाचे पैसे कापतात, आणि कोण बसलं हे लिहून ठेवावं लागतं, नाहीतर पुढे तंटा होतो. तात्या पान काढीनात. मंगलने वही स्वतःकडे ओढली आणि उलटी करून मागून उघडली. तिथे ती होती. तिचं नाव, स्वच्छ अक्षरात, तीन वेळा. मंगल, बाळंत, चार दिवस. मंगल, पिशवी, पाच दिवस. मंगल, मयत, दोन दिवस.

"पिशवी म्हणजे?" मी विचारलं. मला वाटलं रेशनची असावी.

"गर्भपिशवी," ती म्हणाली. "काढली. तीन साल झाले." आणि लगेच तात्यांना, "बसले तवा नाव ठावं होतं तुमाला. उठले की इसरलाव?"

तात्यांनी चष्मा काढून पुसला. "लई बोलतीस तू, मंगल," ते म्हणाले, पण वही परत ओढली नाही.

मी खाड्याच्या पानाचा फोटो काढला. तात्यांनी दाखला लिहिला. शाळेचा दाखला कधीतरी पाहिलेला असावा, कारण घाट तोच होता: 'दाखला देण्यात येतो की श्री. बाळासाहेब यांचा एक कोयता (जोडी) मागील नऊ हंगाम माझ्याकडे कामास होता. कोयत्याची वर्तणूक चांगली होती.' कंसातल्या 'जोडी'साठी मी वीस मिनिटं घालवली आणि ती मिळाल्यावर मला जिंकल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत कोयता म्हणजे काय ते माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की साऱ्या जगाला ते ठाऊक आहे असं मी धरून चालले.

स्टँडवर मंगलने विचारलं, "हुईल का?"

मी म्हटलं, "व्हायला पाहिजे." तिने मान हलवली. हे उत्तर तिने याआधीही ऐकलं असावं.

परत

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. सोमवारी दुपारी कागद दाखल केले. मंगळवारी समिती बसली.

समितीने कागद बारकाईने वाचले, हे मान्य करावं लागेल. एका सदस्याने विचारलं की अर्जदाराने अवजाराच्या वर्तणुकीचा दाखला का जोडला आहे. मी समजावलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, कोयता म्हणजे मजूर. पण मजूर कोण? नाव बाळासाहेबांचं आहे. बाईंच्या नावाचा एकच कागद आहे आणि त्यावरून त्या अकरा दिवस कामावर नव्हत्या एवढंच सिद्ध होतं.

"बाकीचे सगळे दिवस त्या कामावर होत्या, म्हणूनच ते अकरा लिहिलेत," मी म्हटलं.

"ते अनुमान झालं, मॅडम."

माझा सात पानी अहवाल उरला होता. अध्यक्षांनी तो उलटून पाहिला.

"मुक्काम कुठे होता आपला?"

"अर्जदाराच्या घरी."

"आणि जेवण?"

"तिथेच. पित्राचं होतं."

"मग अहवाल निःपक्ष कसा धरायचा? दुसरीकडे कुठे जेवणाची सोय नव्हती?"

"छपरावर होती," मी म्हटलं, "पण ती कावळ्यांसाठी होती."

हे इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

मी मंगलला फोन केला. तिने सगळं ऐकलं. मागे ताडपत्री ओढल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे कोयता धरला, मला न्हाई."

"हो."

"बरं." मग तिने विचारलं, "पुस्तकांची यादी तरी पाठवता का? फोनवर वाचंन. ह्या साली फड तुमच्याच बाजूला हाय म्हणतेत."

यादी मी त्याच संध्याकाळी पाठवली. त्यातली निम्मी पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि उरलेली ग्रंथालयात नाहीत. दसरा झाल्यावर ती दोघं ट्रॅक्टरमधून निघाली. मुलगी आजीपाशी राहिली.

तिसरी जागा मात्र रिकामी ठेवता येत नव्हती, आणि सिद्ध झालेला अनुभव वाया घालवणंही समितीला योग्य वाटलं नाही. अर्ज क्रमांक तोच ठेवून अर्जदाराच्या नावात दुरुस्ती करण्यात आली. गुणवत्ता यादीत तिसऱ्या जागेसमोर आता श्री. बाळासाहेब यांचं नाव आहे, आणि पदवीच्या मूळ प्रमाणपत्रासह आठ दिवसांत हजर राहावं असं पत्र त्यांच्या नावाने वस्तीवर गेलं आहे.

बाळासाहेब सातवीपर्यंत शिकले आहेत.